भुतावळ, बुवा आणि मावशी : मराठी बालभयाची भाषा

मराठी बालवाङ्मयाच्या समीक्षेत कल्पकता, विनोद, नाद आणि संस्कार यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. भय या भावनेची चर्चा मात्र बहुधा उपदेशाच्या अंगानेच होत आली. मुलांना भिववू नये, एवढे सांगून शिक्षणशास्त्र थांबते, आणि भुतांच्या गोष्टी म्हणजे अंधश्रद्धेचा अवशेष, एवढे सांगून समाजशास्त्र थांबते. भय हा मुलांचा आवडता खेळ आहे आणि त्या खेळाची प्रत्येक समाजात एक विशिष्ट भाषा असते, या गोष्टीकडे भाषाभ्यासकाने तरी दुर्लक्ष करता कामा नये. कोणते शब्द भिववण्यासाठी वापरतात, ते कोणी कोणास उद्देशून वापरावयाचे आणि भिणाऱ्याने त्यांना काय उत्तर द्यावयाचे, हे सारे भाषिक संकेतांनी ठरलेले असते.

या प्रश्नाला अलीकडे एक निमित्त मिळाले आहे. मोठ्या शहरांप्रमाणे छत्रपती संभाजीनगरातही शिशुवर्गांतून, उन्हाळी शिबिरांतून आणि वाढदिवसांच्या निमित्ताने चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'हॅलोविन पार्टी' नावाचा प्रकार दिसू लागला आहे. मुलांना सवड मे महिन्यात असते, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीचा हा सण येथे वैशाखात साजरा होतो. त्यावर हसणे सोपे आहे आणि संस्कृतिबुडवेपणाचा आरोप करणे त्याहून सोपे आहे. परंतु हसण्याने वा आरोपाने समीक्षा होत नाही. हा खेळ मुलाच्या हाती भयाचे कोणते शब्द देतो आणि मराठीने आजवर कोणते दिले होते, हे पाहिले तरच त्याचे मोल ठरवता येईल.

प्रथम नावाचा विचार करू. हॅलोविन म्हणजे सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. १ नोव्हेंबरला तो ख्रिस्ती सण आणि ३१ ऑक्टोबरला त्याची संध्याकाळ. मूळ शब्दातील पहिल्या घटकाचा अर्थ 'संत' किंवा 'पवित्र' असा आहे. मराठी मुलाच्या कानाला मात्र तो दूरध्वनीवरचा 'हॅलो' वाटतो, आणि 'भूत फोन करते म्हणून हॅलोविन' अशी व्युत्पत्ती एखाद्या मुलाने बसवली तर लोकव्युत्पत्तीच्या शास्त्राला तीत काही वावगे दिसणार नाही. सणाच्या मुळाशी आयर्लंड-स्कॉटलंडकडील सुगीच्या शेवटाचा आणि हिवाळ्याच्या आरंभाचा काळ आहे. दिवस लहान होतात, अंधार लवकर पडतो आणि मृतांची आठवण होते. तेथे पूर्वी सलगम कोरून दिवे करीत. अमेरिकेत गेल्यावर सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. संभाजीनगरला मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि पारा चाळिशी ओलांडतो. पाच वाजता भरणाऱ्या पार्टीसाठी पडदे ओढून अंधार निर्माण करावा लागतो. भोपळ्याऐवजी टरबूज कोरण्याची सोयीस्कर युक्तीही निघाली आहे. ती मात्र मनापासून दाद देण्याजोगी आहे. हिरव्या सालीत दात कोरले की आतला लाल गर आपोआप जबडा होतो, आणि भिऊन झाल्यावर तो जबडा खाताही येतो.

अंधाराची या शहराला वस्तुतः उणीव नाही. दौलताबादच्या किल्ल्यातील 'अंधारी' ज्याने शाळेच्या सहलीत पार केली आहे, त्याला वळणावळणाच्या काळोख्या पायऱ्या, वटवाघळांचा चीत्कार आणि पुढच्या मुलाचा सदरा घट्ट धरलेली आपली मूठ आयुष्यभर आठवते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत उन्हाळ्याच्या रात्री सारे घर वर झोपावयास जाई आणि भुतांच्या गोष्टींचा हंगाम तोच असे. तेव्हा 'उन्हाळ्यात भुते' ही कल्पना परकी नाही. परकी आहे ती त्या भुतांची भाषा.

पार्टीच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले तर 'घोस्ट', 'विच', 'स्केलेटन', 'स्पूकी', 'स्केरी' असे शब्द आढळतात. हे सारे नामे किंवा विशेषणे आहेत. क्रियापद एकही नाही. इंग्रजीतून मराठीत येणारे क्रियावाचक शब्द 'करणे' आणि 'होणे' यांच्या आधाराने उभे राहतात, हे परिचित आहे. येथे तोच नियम भयाला लागू झाला आहे. मूल 'घोस्ट होते', आई 'डेकोरेट करते', आणि त्यापलीकडे काही घडत नाही. उलट मराठीतील भूत हा क्रियापदांनी गजबजलेला शब्द आहे. भूत लागते, झपाटते, मानगुटीवर बसते, अंगात येते, आडवे जाते, चकवते, आणि शेवटी उतरते किंवा उतरवावे लागते. 'भूत' हा शब्द स्वतःच 'भू' धातूचे कृदन्त आहे. 'जे होऊन गेले ते' हा त्याचा अर्थ व्याकरणातील भूतकाळात टिकून आहे आणि स्मशानातही. जे होऊन गेले ते अजून काही करीत आहे, या विरोधातच मराठी भुताचे सारे नाट्य आहे. प्लास्टिकच्या सांगाड्याला असा भूतकाळ नसतो. तो कोणाचा सांगाडा, हा प्रश्न पार्टीत कोणी विचारीत नाही, आणि मुलाने विचारला तर त्याला उत्तर नसते. मराठीत 'मुंजा' म्हटले की मुंज होऊन विवाहापूर्वी मेलेला मुलगा आणि त्याचा पिंपळ, एवढी कथा एका शब्दात येते. 'जखीण' म्हटले की तिच्यामागे यक्षिणी दिसते, 'आसरा' म्हटले की अप्सरा. 'खवीस' हा शब्द अरबीतून आला आहे. मराठी भुतावळीने परभाषेचा विटाळ कधी मानला नाही, हे शुद्धीच्या अभिमान्यांनी लक्षात ठेवावे. मोल्सवर्थच्या कोशात अशी नावे विपुल आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येक नाव म्हणजे एक अपुरे राहिलेले आयुष्य आहे.

शब्दांपेक्षाही वाक्यरचना येथे अधिक बोलकी आहे. हॅलोविनच्या रात्री मुले दारोदार जाऊन जे वाक्य म्हणतात, त्याचा मराठी आशय 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' असा होतो. आज्ञार्थ, मग विकल्पवाचक अव्यय, मग भविष्यकाळ, अशी ही रचना आहे. मराठी घरात हीच रचना रोज ऐकू येते : 'जेव, नाहीतर बागुलबुवा येईल', 'झोप, नाहीतर बुवा झोळीत घालून नेईल'. व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये सारखी आहेत. परंतु बोलणारा बदलला आहे. मराठी वाक्यात मोठे माणूस मुलाला धमकी देते. हॅलोविनच्या वाक्यात मूल मोठ्या माणसाला धमकी देते, आणि मोठे माणूस घाबरल्याचे सोंग करून खाऊ काढून देते. वर्षातून एक रात्र 'नाहीतर' हे अव्यय मुलाच्या मालकीचे होते. या सणाचे खरे मर्म मुखवट्यात नसून या उलटापालटीत आहे.

मराठीत ही उलटापालट अपरिचित आहे, असे नाही. होळीच्या आधी गावोगावची पोरे लाकडे आणि गोवऱ्या मागत हिंडत. जो देणार नाही त्याच्या गोवऱ्या रात्री नाहीशा होत, आणि त्या रात्रीपुरता तो गुन्हा मानला जात नसे. बोंब मारण्याची मुभाही त्याच दिवसाची. कोकणात शिमग्यातील संकासुर मुलांच्या मागे धावतो आणि मुलेही त्याच्या मागे धावतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळावयाचे नरकासुराचे भयंकर पुतळे वस्तीतील पोरेच रात्रभर जागून उभारतात. या सर्व खेळांत मूल हे भयाचे गिऱ्हाईक नसून कर्ते आहे.

उन्हाळी पार्टीत नेमकी हीच गोष्ट गळून पडली आहे. मुले कोणाच्या दारी जात नाहीत. उन्हात जाणार कोठे, आणि शेजारी कोण राहते हे माहीत कोणाला? खाऊची पिशवी निघताना प्रत्येकास समान मिळते. ती 'रिटर्न गिफ्ट' आहे, खंडणी नव्हे. धमकी नाही, म्हणून नकार नाही. नकार नाही, म्हणून खोडीही नाही. यजमान आईबापांनी सजवलेल्या भीतीसमोर मुले रांगेने उभी राहतात आणि त्यांचे छायाचित्र काढले जाते. हा सण परका आहे, ही तक्रार येथे गौण ठरते. खरी तक्रार अशी की तो पुरेसा आणलेलाच नाही. मुखवटा आणला आणि अव्यय तेथेच ठेवले.

मराठी बालभयाचे दुसरे लक्षण नात्याच्या शब्दांत आहे. अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठी बालबोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलींची जी तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता. बालबोली ही मुलांनी निर्माण केलेली नसते. मोठ्यांनी मुलांशी बोलण्यासाठी राखलेला तो एक स्वतंत्र शब्दव्यवहार असतो, हे त्या अभ्यासांमुळे स्पष्ट झाले. 'बाऊ' हा शब्द पाहावा. दुखापत झाली तरी 'बाऊ' आणि अंधारात काही असले तरी 'बाऊ'. ओष्ठ्य वर्णाने आरंभ होणारा, दीर्घ स्वराने संपणारा हा शब्द बोलू लागण्याच्या वयातील मुलालाही सहज उच्चारता येतो. म्हणजे ज्या शब्दाने मुलाला भिववायचे, तोच त्याला सर्वांत आधी म्हणता यावा, अशी भाषेनेच सोय केलेली आहे. भिववणाऱ्या शब्दावर मुलाचा ताबा बसला की अर्धे भय ओसरते. प्रौढ मराठीत 'बाऊ करणे' याचा अर्थ क्षुल्लक गोष्टीला भयंकर रूप देणे असा झाला. भाषेला आपलीच युक्ती ठाऊक असल्याचे हे लक्षण होय.

बाऊच्या पुढच्या पायरीवर नाती येतात. चंद्र मामा होतो, मांजर वाघाची मावशी होते, आणि ज्यांचे भय वाटते त्यांनाही आई, मावशी, बुवा, आजोबा अशी पदे मिळतात. बालमृत्यूचे भय जिच्याशी जोडलेले होते ती सटवाई म्हणजे मूळची षष्ठी. सहाव्या रात्रीच्या देवतेच्या झिजलेल्या नावाला 'आई' जोडून तिला घरात घेतले गेले. आई न जोडलेली 'सटवी' मात्र शिवी झाली. एका प्रत्ययाचे सामर्थ्य किती, याचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. डोहातील साती आसरांना मावलाया, म्हणजे माउल्या, म्हणतात. 'समंध' हा शब्द तर 'संबंध' याचेच रूप आहे. ज्याचा संबंध तुटत नाही ते भूत. यापेक्षा नेमकी व्याख्या मनोविश्लेषणशास्त्रालाही करता आलेली नाही.

हेच चित्र दगडातही पाहावयास मिळते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, ज्याला रामेश्वर म्हणतात, सप्तमातृकांच्या पटाजवळच हाडांचे सापळे झालेले काळ आणि काळी कोरलेले आहेत. फासळ्या मोजता याव्यात इतके ते उघडे आहेत. परंतु ते एकटे नाहीत. शेजारी मांडीवर लेकरे घेतलेल्या माता आहेत. सापळा आणि आई एका ओळीत बसवण्याचे धैर्य त्या शिल्पकारांना होते. संभाजीनगरापासून तीस किलोमीटरवर हे असताना सांगाडा बाजारातून आणला जातो, याचे आश्चर्य वाटावयास नको. बाजारातला सांगाडा हलका असतो आणि त्याच्या शेजारी कोण बसले आहे, हे कोणी विचारीत नाही.

येथपर्यंतच्या विवेचनावरून मराठी परंपरेची थोरवी आणि आयात खेळाची दरिद्रता एवढाच निष्कर्ष कोणी काढील, तर तो अर्धवट ठरेल. परंपरेच्या या भाषेला एक काळी बाजू आहे आणि ती भाषेच्याच अंगाने दाखवता येते.

'बागुलबुवा' या समासातील 'बुवा' हा केवळ मानार्थी प्रत्यय नाही. बुवा म्हणजे गोसावी, बैरागी, कीर्तनकार. घरदार नसलेला किंवा घरदार सोडून हिंडणारा मनुष्य. त्याच्या खांद्यावर झोळी असते, आणि मुलाला त्या झोळीत घातले जाण्याचे भय दाखवले जाते. पोतराजाचा आसूड दाखवूनही मुलांना गप्प केले जाई. म्हणजे मराठी बालभयाचा एक मोठा भाग काल्पनिक प्राण्यांवर रचलेला नसून दारावर येणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या, भटक्या जातीजमातींच्या हाडामांसाच्या माणसांवर रचलेला आहे. ज्याचे नाव घेऊन मुलाला जेवू घातले, त्याच्याच झोळीत पसाभर पीठ घालावयाचे, असा तो दुहेरी व्यवहार होता. तो बराच काळ निभावला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले होते. बागुलबुवाच्या धमकीमुळे हे घडले, असे म्हणणे विपर्यासाचे होईल. भ्रमणध्वनीवरून पसरलेल्या अफवा, गावागावांत दाटलेला संशय आणि यंत्रणेवरील अविश्वास ही कारणे उघड आहेत. परंतु 'झोळीवाला मुले नेतो' हे वाक्य त्या जमावातील कोणालाही नव्याने शिकावे लागले नव्हते. ते त्यांना घरीच, घासाबरोबर मिळालेले होते. अफवेने फक्त त्या वाक्याचा काळ बदलला. 'नेईल' याचे 'नेतो आहे' झाले.

'चेटकीण' आणि 'डाकीण' या शब्दांचेही असेच आहे. नंदुरबारकडील आदिवासी भागात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ व हत्या झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने संमत केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा ठरवलेला आहे. जो शब्द एका जिल्ह्यात फिर्यादीत येतो, तोच दुसऱ्या जिल्ह्यात बालनाट्याच्या जाहिरातीत येतो. समीक्षकाला ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. या दृष्टीने पाहता, पार्टीतील टोकदार टोपीची प्लास्टिकची 'विच' निर्दोष आहे, हे कबूल करावे लागते. ती गावातील कोणत्याही म्हातारीकडे बोट दाखवीत नाही. तिला मराठीत निर्देशच नाही, आणि एरव्ही जे तिचे दारिद्र्य, ते येथे तिचे पुण्य ठरते.

मग प्रश्न असा उरतो की, भयाला मुलाच्या भाषेत बोलते करावे आणि तरीही ते कोणत्याही जित्या माणसाच्या मानगुटीवर बसू नये, हे मराठीत साधले आहे काय? साधले आहे; आणि त्याचे श्रेय मुख्यतः साठोत्तर बालरंगभूमीला आणि एका कवीला दिले पाहिजे.

सुधा करमरकर यांनी अमेरिकेतील बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्यानंतर १९५९ साली रत्नाकर मतकरी यांच्या 'मधुमंजिरी' या नाटकाने आपल्या बालरंगभूमीचा आरंभ केला. मतकरींनी पुढे १९६२ पासून स्वतःच्या संस्थेद्वारे बालनाट्ये केली. 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही त्यांपैकी विशेष गाजलेली. ही नाटके प्रामुख्याने सुट्यांत होत, आणि उन्हाळ्याची सुटी हा त्यांचा मोठा हंगाम. मे महिन्यात मुलांना एकत्र जमवून अंधारात बसवावे आणि त्यांच्यासमोर चेटकीण आणावी, हा उद्योग म्हणजे आजच्या पार्टीचा साठ वर्षांपूर्वीचा अवतारच होय. तोही अमेरिकेकडे पाहूनच सुरू झाला होता, हे विसरता येत नाही. फरक एवढाच की, त्या मंडळींनी परदेशातून पद्धती आणली आणि बोलणे येथले घेतले.

'चिंची चेटकीण' हे नाव घ्या. दोन्ही शब्दांच्या आरंभी एकच तालव्य व्यंजन, अनुस्वाराचा चिमटा आणि शेवटी ईकाराचा लाडिकपणा. 'चिंगी', 'पिंकी', 'ठकी' या घरगुती नावांच्या रांगेत ते सहज बसते. चेटकिणीला लाडके नाव दिले की ती विशिष्ट होते. ती एका नाटकातली एकच चेटकीण असते, गावातील कोणाही बाईला लागू पडणारे सामान्यनाम राहत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही भूमिका पुरुष नट करीत आले. मतकरींच्या प्रयोगांत दिलीप प्रभावळकर यांनी ती गाजवली. २०१८ साली चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. बालरंगभूमीच्या अभ्यासकांनी याकडे केवळ अभिनयाचे कौशल्य म्हणून पाहिले आहे. वस्तुतः हे तमाशातील मावशीचे घराणे आहे. गौळणींच्या पुढे चालणारी, हातवारे करणारी, कृष्णाशी हुज्जत घालणारी मावशी पुरुषच करतो, आणि प्रेक्षकांना ते ठाऊक असते म्हणूनच ती हसवते. चिंचीचा आवाज फाटतो तेव्हा पहिल्या रांगेतील मूल भिते, आणि त्याच क्षणी हे सोंग आहे हेही त्याला कळते. भय आणि सोंगाचे ज्ञान ही दोन्ही एकाच आवाजात मिळतात. चेटकीण ही बाई नसते, हे ज्ञान कायद्याच्या कलमाने जितके पोचत नाही, तितके या फाटक्या आवाजाने पोचते. एवढे म्हणणे कदाचित धाडसाचे होईल, पण ते मागे घेण्याचे कारण दिसत नाही.

दुसरे उदाहरण विंदा करंदीकर यांचे. १९६१ च्या 'राणीची बाग' पासून त्यांनी मुलांसाठी सातत्याने लिहिले, आणि त्या लेखनात भुतांना मोठे मानाचे स्थान आहे. 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' या संग्रहाचे केवळ नाव पाहिले तरी मराठी भयभाषेचे सारे सामर्थ्य एकवटलेले दिसते. 'पिशी' म्हणजे वेडी. (बंगाली वाचकाला हा शब्द ऐकून बापाची बहीण आठवेल आणि 'पिशीमावशी' म्हणजे आत्या-मावशी एकत्रच वाटतील. कवीला ते आवडलेच असते.) तिला वेडी म्हटले आणि लगेच मावशी म्हणून घरात घेतले. 'भुतावळ' हा शब्द 'आवलि', म्हणजे ओळ, या शब्दापासून सिद्ध झाला. वंशावळ, पत्रावळ, नामावळ आणि दिवाळी ही त्याच कुळातली रूपे. दिव्यांची ओळ ती दिवाळी आणि भुतांची ओळ ती भुतावळ. पण सर्वांत अर्थपूर्ण शब्द मधला आहे : 'तिची'. भुतावळ मावशीची आहे. ती कोणाची तरी आहे म्हणजे तिला घर आहे, घरधनीण आहे, आणि मावशीच्या घरी सुटीत भाच्यांनी जावयाचेच असते. मराठी मुलाच्या मे महिन्यात मामाच्या घराइतकेच मावशीचे घर खरे. कवीने भुतांना मुलांकडे पाठवण्याऐवजी मुलांना भुतांकडे पाहुणे म्हणून नेले, आणि 'नाहीतर' या अव्ययाची गरजच उरली नाही. त्यांच्या दुसऱ्या एका बालसंग्रहाचे नाव 'बागुलबोवा' असे आहे. बुवाचा बोवा करून त्यांनी त्याला झोळीसकट बाजूस नेले आणि नुसता नाद ठेवला. येथे ध्वनीतील एका स्वराचा फरक नैतिक फरक ठरतो.

यावरून उन्हाळी पार्टी करणाऱ्या आईबापांनी मतकरींचे नाटक बसवावे वा विंदांच्या कविता म्हणून घ्याव्यात, असा सल्ला देणे हे समीक्षेचे काम नाही. सल्ल्याने खेळ बदलत नाहीत. ते मुलेच बदलतात. शहराच्या जुन्या भागातील दखनी बोलणारी मुले ज्याला 'हव्वा' म्हणतात आणि शेजारची मराठी मुले ज्याला बागुलबुवा म्हणतात, ते एकाच बोळातील अंधारात शतकभर सुखाने राहिले. सिडकोतील एखाद्या दिवाणखान्यात ओढलेल्या पडद्याआड 'घोस्ट'ही त्यांच्यात मिसळणारच नाही, असे कोणी सांगावे? 'घोस्ट लागला' हे वाक्य एखाद्या मुलाच्या तोंडी ऐकू आले, म्हणजे परक्या नामाला मराठी क्रियापद जडले, की ती प्रक्रिया सुरू झाली असे समजावे.

मात्र भोपळ्याबाबत एक गोष्ट सांगावयाची राहिली. हॅलोविनच्या भोपळ्याला डोळे असतात, दात असतात, आत दिवा असतो. तो भयाचा चेहरा आहे. मराठी मुलाला पहिला भोपळा भेटतो तो लेकीकडे निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीत. रानात वाघ तिला खावयास येतो. ती त्याला सांगते की, आता मी हडकुळी आहे, लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. परतीच्या वाटेवर ती भोपळ्यात बसते, आणि वाघाने विचारले असता आतून उत्तर देते. त्या भोपळ्याला चेहरा नाही. त्याला कोणी कोरलेला नाही. त्याच्या आत दिव्याच्या जागी एक म्हातारी आहे, आणि ती बोलते आहे.